पोर्टलंड ते फिनिक्स: घरी केलेली बिअर विमानातून नेताना

प्रकरण साधं आहे. ओरेगॉनमधल्या पोर्टलंडला राहणारा आमचा एक मराठी मित्र बरीच वर्षं घरी बिअर करतो. जूनमध्ये त्याच्या मेव्हण्याचा पन्नासावा वाढदिवस होता, फिनिक्सला. मेव्हण्याची फर्माईश होती, ‘येताना तुझी स्टाउट आण, आणि ती कोकमवालीही.’ (स्टाउट म्हणजे गडद, काळपट रंगाची बिअर.) वहिनींचं म्हणणं, बॅगेत कपडे आणि भेटवस्तू आहेत, त्यात बाटली फुटली तर काय? मित्राची भीती वेगळीच होती. फोनवर त्याचा पहिला प्रश्न हा: “वर हवा विरळ असते ना रे, दाबाने बाटल्या फुटल्या तर?”

हा प्रश्न घरी बिअर करणाऱ्या जवळपास प्रत्येकाला पडतो, आणि त्यामुळेच हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं. सगळ्यांची भीती आकाशाकडे बोट दाखवते. धोका मात्र बहुतेक वेळा बाटलीतच, ती भरली त्या दिवशीच ठरलेला असतो. उरलेला धोका जमिनीवर असतो, उन्हात आणि आदळआपटीत.

आधी कायद्याचं

अमेरिकेत घरी बिअर करायला फेडरल पातळीवर मुभा मिळाली ती ऑक्टोबर १९७८ मध्ये जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने. एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर, आणि दोन किंवा जास्त प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलन. अट एवढीच की ती स्वतःसाठी आणि घरच्यांसाठी असावी, विकायची नाही. राज्यांचे कायदे मात्र वेगवेगळे. अलाबामा आणि मिसिसिपीने तर २०१३ पर्यंत परवानगीच दिली नव्हती.

खुद्द ओरेगॉनची गोष्ट या संदर्भात मुद्दाम सांगण्यासारखी आहे. २०१० मध्ये तिथल्या कायद्याचा असा अर्थ लावला गेला की घरी केलेली बिअर घराबाहेर नेताच येत नाही. त्या वर्षी राज्याच्या जत्रेतली घरगुती बिअरची स्पर्धा रद्द झाली. घरी बिअर करणाऱ्यांनी पाठपुरावा केला आणि २०११ मध्ये विधिमंडळाने कायदा दुरुस्त केला. म्हणजे आज मित्राला बाटल्या घेऊन दाराबाहेर पडता येतं, ते कोणीतरी त्यासाठी झटलं म्हणून. मला या गोष्टीचं फार मोल वाटतं. नियम तपासणं हे कटकटीचं काम वाटू नये, त्यामागे माणसांचे कष्ट आहेत.

विमानाचे नियम त्यामानाने सरळ आहेत. हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरपेक्षा मोठी द्रवाची बाटली सुरक्षा तपासणीतून जात नाही, त्यामुळे तो रस्ता बंद. चेक-इन बॅगेत अल्कोहोलच्या प्रमाणावरून तीन गट पडतात. ७० टक्क्यांच्या वर असेल तर पूर्ण बंदी. २४ ते ७० टक्क्यांमध्ये माणशी पाच लिटर, आणि तेही दुकानातल्या न उघडलेल्या पॅकिंगमध्येच. २४ टक्के किंवा त्याहून कमी असेल तर सुरक्षा यंत्रणेची मर्यादाच नाही. मित्राची स्टाउट ६.१ टक्के आणि कोकमवाली ४.५ च्या आसपास, त्यामुळे दोन्ही तिसऱ्या गटात. ‘दुकानाचं सील हवं’ ही अट त्यांना फेडरल नियमाने लागत नाही. पण विमान कंपनी स्वतःचा जास्त कडक नियम लावू शकते, म्हणून तिकीट काढलेल्या कंपनीला आधी विचारायचं. मित्राने विचारलं, होकार लेखी मिळाला, तो त्याने छापून बॅगेत वरच ठेवला. आणि हो, आपली बिअर विमानात उघडून प्यायची नाही. कर्मचाऱ्यांनी दिलेली सोडून दुसरी दारू विमानात पिणं हा फेडरल नियमाचा भंग आहे.

पोस्टाने का पाठवू नये, असं वहिनींनी विचारलं. अमेरिकन टपाल खातं दारू स्वीकारत नाही. खासगी कुरिअरवाले ती फक्त परवानाधारक व्यापाऱ्यांकडून, करार करून घेतात. खोक्यावर ‘काचेचं सामान’ असं लिहून पाठवणारे लोक आहेत, पण खोटं लिहून पाठवण्यापेक्षा चेक-इन बॅग हा सरळ आणि प्रामाणिक मार्ग आहे.

वर दाब किती बदलतो?

आता मित्राच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. प्रवासी विमानाचा सामानाचा कप्पा हा दाब राखलेल्या भागातच असतो. आपण बसतो तिथे जेवढा दाब, जवळपास तेवढाच खाली बॅगांवर. उड्डाणात हा दाब फार तर ८,००० फूट उंचीवरच्या हवेइतका उतरतो. समुद्रसपाटीला साधारण १ बार (बार हे दाब मोजायचं एकक), तर तिथे पाऊण बार. म्हणजे बाटलीच्या आतल्या दाबाला बाहेरून मिळणारा आधार पाव बारने कमी होतो. बस, एवढंच.

हा पाव बार किती मोठा, हे कळायला बाटलीत काय चाललंय ते पाहावं लागतं. मित्राच्या स्टाउटमध्ये बिअरच्या आकारमानाच्या सुमारे २.३ पट कार्बन डायऑक्साइड विरघळलेला आहे. २० अंश सेल्सिअसला अशा बाटलीत बाहेरच्यापेक्षा सुमारे १.७ बार जास्त दाब असतो. हीच बाटली ३८ अंशांपर्यंत तापली, तर वायू बिअरमधून बाहेर पडू पाहतो आणि दाब ३ बारच्या घरात जातो. उंचीने वाढवला पाव बार, आणि नुसत्या अठरा अंशांच्या उन्हाने वाढवला सव्वा बारहून जास्त. उन्हाचा परिणाम उंचीच्या पाचपट! फिनिक्सला जूनच्या दुपारी पारा ४० च्या वर असतो आणि तापलेल्या धावपट्टीवर बॅगांच्या गाड्या उघड्यावर उभ्या राहतात. चिंता करायची ती याची.

हे आकडे ऐकल्यावर मित्राने दुपारचं विमान सोडून रात्री उशिरा पोचणारं घेतलं. तिकीट थोडं महाग पडलं. मला विचाराल तर या प्रवासात त्याने खर्च केलेले सगळ्यात शहाणपणाचे पैसे तेच.

कोकमवाल्या बाटल्यांचं काय चुकलं

स्टाउटबद्दल मला काळजी नव्हती. वहीत नोंदी चोख होत्या. बाटल्या भरण्याआधी हायड्रोमीटरचं, म्हणजे द्रवाची घनता मोजणाऱ्या नळीचं, वाचन तीन दिवस १.०१६ वरच स्थिर होतं, म्हणजे यीस्टने खाण्याजोगी साखर संपवली होती. मग फेसासाठी १९ लिटरला १०५ ग्रॅम साखर मोजून घातलेली; ती यीस्टने खाल्ली की बंद बाटलीतच वायू तयार होतो. बाटलीत जेवढा वायू व्हायला हवा तेवढाच झाला. वाचन स्थिर होण्याआधी घाईने भरलेली बिअर मात्र बाटलीत आंबतच राहते. हायड्रोमीटरचा एक अंश, म्हणजे १.०१५ वरून १.०१४, बाटलीत उतरला की वायूत बिअरच्या आकारमानाच्या साधारण अर्ध्या पटीची भर पडते. असे चार अंश राहून गेले तर दोन पटींची भर, आणि साधी बाटली तेवढं सोसत नाही.

कोकमवाली म्हणजे गोझं धर्तीची बिअर. गोझं ही मूळची जर्मनीतल्या गोसलारची, पुढे लाइपत्सिगमध्ये रुजलेली आंबट बिअर. त्यात गहू, थोडं मीठ आणि धणे असतात. मीठ, धणे आणि आंबटपणा, यात कोकम न शोभेल तरच नवल. ग्लासात ओतली की फिकट जांभळट-गुलाबी दिसते आणि पहिल्या घोटाला सोलकढीची आठवण येते. मेव्हण्याला तीच हवी होती, यात आश्चर्य नाही.

मित्र सहज बोलून गेला, “हिचा फेस जरा जास्तच येतो. उघडली की निम्मी बेसिनमध्ये.” हे ऐकून मी त्याला थांबवलं आणि कृती पहिल्यापासून सांगायला लावली. सुरुवातीला आमसुलं, तेवढं ठीक. पण रंग फिका वाटला म्हणून बाटल्या भरायच्या दिवशी त्याने भांड्यात १५० मिलिलिटर तयार कोकम सिरप ओतलं होतं. वहिनींनी फडताळातून सिरपची बाटली काढून आणली आणि लेबल वाचलं: १०० मिलिलिटरमध्ये ६० ग्रॅम साखर. म्हणजे ९० ग्रॅम साखर सिरपमधून गेली, आणि फेसासाठी नेहमीची १२० ग्रॅम वेगळी होतीच.

हिशेब मांडला. १२० ग्रॅमने वायू २.५ पट झाला असता. सिरपच्या ९० ग्रॅमने त्यात सुमारे १.२ पटीची भर घातली. एकूण ३.७ पट. बाटल्या मात्र बाजारातल्या बिअरच्या धुऊन पुन्हा वापरलेल्या, ३५५ मिलिलिटरच्या, ज्यांच्याकडून ३ पटीच्या पुढे अपेक्षा ठेवू नये. आतला दाब घरातच ३.२ बार झाला होता. फिनिक्सच्या उन्हात तो ५ बारवर गेला असता. या बाटल्या आकाशात फुटल्या नसत्या कदाचित. पण बॅगांच्या गाडीत, किंवा बॅग उचलणाऱ्या माणसाच्या हातात फुटल्या असत्या. आपल्या हौसेपायी अनोळखी कामगाराच्या हाताला काच लागावी, हे मला सहन होणारं नाही. म्हणून मी स्पष्ट सांगितलं: काचेत ही बिअर जाणार नाही.

मित्र हिरमुसला. पण मार्ग होता. सोडा वॉटरच्या प्लास्टिकच्या बाटल्या चार पटीच्या आसपास वायू धरायलाच बनवलेल्या असतात. त्या काचेसारख्या फुटून तुकडे उडवत नाहीत, वजनाला नगण्य असतात, आणि बोटाने दाबून पाहिलं की आत दाब किती ते कळतं. त्यांचा दोष एकच, प्लास्टिकमधून प्राणवायू हळूहळू आत शिरतो आणि काही आठवड्यांत बिअरला शिळी चव येते. इथे तर तीन दिवसांत ती संपणार होती. त्याने अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या आणल्या, त्यातला सोडा वहिनींनी लिंबू पिळून संपवला, बाटल्या निर्जंतुक केल्या. कोकमवाल्या सहा काचेच्या बाटल्या दोन दिवस फ्रिजच्या सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवल्या. बिअर जितकी थंड, तितका वायू तिच्यात बसून राहतो, हे इथे कामी आलं. मग बाटली तिरपी धरून, कडेने, अगदी सावकाश ओतलं. तळाचा यीस्टचा गाळ मागे ठेवला. ओतताना काही वायू गेलाच, तो जायलाच हवा होता. झाकण लावण्याआधी बाटली हलकेच दाबून फेस तोंडापर्यंत आणला, म्हणजे वर हवा राहत नाही.

बॅग भरणं

स्टाउटच्या बारा बाटल्या नेहमीच्या काचेतच जाणार होत्या. प्रत्येकीचं पत्र्याचं झाकण आधी बोटांनी फिरवून पाहिलं. झाकण जागच्या जागी फिरलं तर ते नीट दाबलेलं नाही, बाटली पाझरणार. एक तशी निघाली, ती त्याच संध्याकाळी पिऊन टाकली आणि जागी दुसरी घेतली. प्रत्येक बाटलीवर कागदी चिकटपट्टी लावून पेनाने लिहिलं: घरी केलेली बिअर, ६.१ टक्के, भरल्याची तारीख. बॅग उघडणाऱ्या तपासनिसाला हे काय आहे असा प्रश्नच पडू नये, यासाठी.

वेष्टणाबद्दल वहिनींची सूचना सगळ्यात उपयोगी ठरली. घरात लहान भाच्यासाठी आणलेली डायपर्स पडून होती. एक डायपर बाटलीच्या मध्याभोवती गुंडाळायचं, चिकटपट्ट्या त्यालाच असतात, वरून जाड लोकरी मोजा चढवायचा आणि मग घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं. आदळलं तर गादी, फुटलं तर शोषण, आणि काच पिशवीतच राहते. घरी बिअर करणाऱ्यांमध्ये ही युक्ती जुनी आहे, पण तिच्याइतकं काम महागड्या फुगवायच्या पिशव्याही करत नाहीत असं माझं मत आहे.

बॅग कडक कवचाची घेतली. आत आधी कचऱ्याची मोठी जाड पिशवी पसरली, तिच्यात जीन्स आणि टॉवेलांचा थर, मग बाटल्या. शेजारच्या बाटल्यांचे गळे उलटसुलट, कारण गळा हा नाजूक भाग आणि दोन गळे एकमेकांवर आपटू द्यायचे नाहीत. बॅगेच्या भिंतीपासून प्रत्येक बाजूला चार बोटं जाडीचे कपडे. प्लास्टिकच्या चार बाटल्या कडेला, कारण धक्का त्या सोसतात. बंद केल्यावर बॅग उचलून चांगली हलवली. कुठेतरी ‘टिक’ असा बारीक आवाज आला. पुन्हा उघडली, दोन बाटल्यांमधला टॉवेल सरकला होता. तो आवाज पूर्ण थांबेपर्यंत काम संपत नाही.

वजनाचा हिशेब आधीच केला होता. भरलेली काचेची बाटली साधारण ५७० ग्रॅमची, बारांचे पावणेसात किलो. प्लास्टिकच्या चार मिळून दोन किलो. बॅग आणि कपडे धरून सतराच्या आसपास, २३ किलोच्या मर्यादेत आरामात. लोभ धरून अजून सहा कोंबल्या असत्या तर कपड्यांचा थर पातळ झाला असता. बॅगेला कुलूप घातलं नाही, कारण तपासनीस बॅग उघडू शकतात आणि त्यांना ती सहज उघडता आणि पुन्हा तशीच लावता यायला हवी. म्हणूनच चिकटपट्टीने सगळं एकत्र बांधून टाकणंही टाळलं.

मित्राच्या डोक्यात बिअर नेण्याच्या अजून कल्पना होत्या, त्यातली एक, पंपाचा छोटा पिंप आणि गॅसचं नळकांडं नेण्याची, मी लगेच खोडून काढली. भरलेलं गॅसचं नळकांडं सामानात चालत नाही.

प्रवास आणि पोचल्यावर

त्याने बॅगेत एक छोटा डिजिटल तापमापक टाकला होता, सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी तापमान लक्षात ठेवणारा. फिनिक्सला पट्ट्यावरून बॅग उचलल्यावर तिथेच बाजूला उघडून पाहिलं: कमीत कमी १४ अंश, जास्तीत जास्त २७. रात्रीच्या विमानाचा फायदा तो हाच. सामान तपासल्याची छापील चिठ्ठी वरच होती, म्हणजे बॅग उघडली गेली होती, पण सगळं होतं तसंच होतं. मेव्हणे गाडी घेऊन आले होते. त्यांना वाटेत किराणा घ्यायचा होता, पण मित्राने हात जोडून नको म्हटलं. घरी पोचल्यावर तापमापकावर जास्तीत जास्त आकडा ३४ झाला होता. विमानात नाही, तर गाडीच्या डिकीतल्या त्या अर्ध्या तासात. तीच गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानासमोर तासभर उभी राहिली असती, तर काय झालं असतं?

बारा बाटल्यांपैकी एकही फुटली नव्हती. एका बाटलीच्या झाकणाखालून थोडी पाझरली होती, डायपर ओलं झालं होतं, कपड्यांपर्यंत काहीच आलं नव्हतं. प्लास्टिकच्या बाटल्या दगडासारख्या कडक लागत होत्या.

मेव्हण्यांना त्याच रात्री एक उघडायची होती. इथे थोडा आग्रह करावा लागतो. प्रवासात घुसळलेली बाटली लगेच उघडली की फेसाचं कारंजं उडतं आणि गाळ ढवळून चव बिघडते. बाटल्या फ्रिजमध्ये उभ्या ठेवल्या, दोन रात्री. वाढदिवसाच्या दिवशी स्टाउट शांतपणे उघडली, वर तपकिरी फेसाचा बोटभर थर, तळाचा सेंटिमीटरभर भाग बाटलीतच ठेवला. कोकमवालीचं फिरकीचं झाकण मित्राने स्वतः धरलं, पाव वळसा, थांबायचं, सूं असा आवाज पूर्ण बसला की पुन्हा पाव वळसा. चार-पाच वेळा असं करून उघडली, एक थेंब सांडला नाही. माशाच्या तुकड्यांबरोबर ती आधी संपली.

पार्टीत पुण्याहून आलेले एक काका होते. त्यांनी विचारलं, परत जाताना दोन बाटल्या देता का? नाही, असंच सांगावं लागलं. अमेरिकेतली ही मुभा अमेरिकेपुरतीच आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय दारू बनवणं हा गुन्हा आहे, आणि ज्यावर बनवणाऱ्याचं अधिकृत लेबल नाही, अशी बाटली घेऊन भारतीय कस्टम्ससमोर वडीलधाऱ्या माणसाला उभं करणं बरं नव्हे. काकांना बिअर तिथेच बसवून पाजली.

राहिल्या पोर्टलंडच्या तळघरातल्या कोकमवाल्या काचेच्या बाटल्या. ३.२ बारवर त्या तशाच ठेवून प्रवासाला जाणं मला पटत नव्हतं. उन्हाळ्यात तळघरही तापतं. म्हणून निघण्याआधीच्या रविवारी मित्राने त्या हात न लावता जाड टॉवेलखाली तास-दोन तास राहू दिल्या, डोळ्यांना संरक्षक चष्मा, हातात जाड चामडी मोजे आणि पूर्ण बाह्यांचा कोट घालून एकेक फ्रिजमध्ये हलवल्या. दोन दिवसांनी, बर्फासारख्या थंड असताना, ओपनरने झाकणाची कड किंचित उचलून वायू सोडला, झाकण पुन्हा दाबलं. दुसऱ्या दिवशी हेच पुन्हा केलं आणि मग नवी झाकणं लावली. त्या सगळ्या बाटल्या त्याने फ्रिजमध्येच ठेवल्या आहेत. पुढच्या वेळी रंगासाठी सिरपऐवजी आमसुलंच जास्त घालणार आहे, तीही आंबणं चालू असताना, बाटल्या भरायच्या दिवशी नाही. आणि सिरप घालायचीच वेळ आली, तर लेबलवरची साखर फेसाच्या साखरेतून वजा करून.